मावळतीचा पस्ताना

विनोदनं भर पंगतीत, तोंडात पुरणाचा घास असताना, विमानाचं नाव काढलं. प्रयागबाईला तेव्हाच कळून चुकलं, की हा माणूस काही आपल्या पोरीला मुंबईला पोचवत नाही.

गुरुवार होता. सकाळीच सगळे कारंज्याला गुरुमंदिरात जाऊन आले होते. सून परदेशी निघाली, महाराजांच्या पायावर डोकं ठेवल्याशिवाय ती घरातून निघणार नाही, असं व्याही शेषरावांचं म्हणणं. तेवढं एक बरं केलं म्हणा. दर्शन झालं, कामरगावला व्याह्यांच्या घरी परत आले, पानं वाढली, अन् तिथं जावयाला एकदम आकाशात उडायची हौस आली.

"परदेशात जानारी बाई अन् मुंबईले रेलनं? लोकं हासतीन," विनोद म्हणाला. "नागपूरले जाऊ, तिथून इमानानं मुंबई. बसलं की उतरलं."

प्रयागबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मुंबई मावळतीला, नागपूर उगवतीला. म्हणजे आधी उलटं तोंड करून नागपूर गाठायचं, अन् मग पुन्हा कामरगावच्या डोक्यावरून उडत मुंबईला यायचं. मानेमागून हात फिरवून घास खाल्ल्यातली गत. अन् हे सांगणारा कोण? ज्याला जवळच्या मूर्तिजापूर स्टेशनावरची गाडी आजवर कधी वेळेवर सापडली नाही, तो. खताच्या दुकानात पंख्याखाली बसून मोबाईल चोळायचा, गिऱ्हाईक आलं तर नोकराकडे बोट दाखवायचं, एवढीच त्याची अक्कल. पण जावई पडला. जावयाला जावईबुवाच म्हणावं लागतं, मग तो कसा का असेना.

"रेलचं तिकीट काढलेलं हाये ना, जवाईबुवा," ती शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली. "तुमच्या दोघाईचं."

तिकीट पोरीनं, संस्कृतीनंच दोन महिन्यांपूर्वी काढलं होतं. शुक्रवारची संध्याकाळची गाडी, मूर्तिजापूरहून. नवरा मुंबईपर्यंत सोडायला येणार, शनिवारी रात्री ती जर्मनीच्या विमानात बसणार, सोमवारी तिथल्या दवाखान्यात नर्स म्हणून हजर होणार. हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार, हे त्यांनी साफ कळवलं होतं. त्या जागेसाठी पोरीनं काय केलं नव्हतं? अकोल्याच्या दवाखान्यात रात्रपाळी करून पहाटे जर्मन भाषा घोकली. एकदा नापास झाली, रडली, पुन्हा बसली, पास झाली. नवरा गेल्यापासून प्रयागबाईनं किन्हीराजाची शेती एकटीनं ओढली, ती या पोरीच्याच शिक्षणासाठी. अन् आता हा गडी म्हणतो, लोकं हासतीन!

"इमानाचं तिकीट काढलं का मंग?" तिनं विचारलं.

"काढतो ना मामी. मोबाईलवर दोन मिन्टाचं काम."

तेवढ्यात शेषरावांनी हात धुतले अन् कपाळाला आठ्या घालून बोटं मोजायला सुरुवात केली. हे बोटं मोजायला लागले की घरातल्या म्हशीसुद्धा गप होत असतील. पेरणी पंचांगावर, सोयाबीन विकणं पंचांगावर, दाढीसुद्धा वार पाहून. "उद्या शुक्करवार," ते म्हणाले. "शुक्करवारी मावयतीले शूल असते. मावयतीले निघालं की काम फसते. मूर्तिजापूर मावयतीले, मुंबईबी मावयतीले. रेलचं नाई जमत. नागपूर उगवतीले, उद्या जाता येते. शनवारी मावयतीले शूल नाई, तवा तिथून इमानानं मुंबई. विनोद बरोबर बोलून राह्यला."

"पन इमान तर वर उडते, इवाईबुवा. आभायात शूल लागते का?"

प्रयागबाईनं हे चेष्टेनं विचारलं होतं. शेषरावांनी मात्र डोळे मिटून खरंच विचार केला. "लागत असन," ते म्हणाले. "आभायालेबी दिशा हायेच ना."

तिला हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. एकाला लोकांची लाज, दुसऱ्याला वाराची भीती. अन् विहीण भागिरथाबाई दोघांच्या पानात तूप वाढत होत्या, जसं काही दोघांनी मोठा पराक्रम केला.

जेवण झाल्यावर जावई दिवाणावर आडवा झाला अन् मोबाईलमध्ये कुणाचे तरी नाच पाहू लागला. चहाच्या वेळेला प्रयागबाईनं पुन्हा विचारलं.

"सर्वर डाऊन हाये मामी."

सर्वर काय असतं ते तिला माहीत नव्हतं. पण ज्या मोबाईलवर नाच दिसतात त्याच मोबाईलवर तिकीट दिसत नाही, ही थाप आहे, एवढं समजायला शाळा लागत नाही. ती आत गेली. संस्कृती स्वेटरच्या घड्या घालत होती.

"रेलचं तिकीट रद्द केलं का व तू?"

"नाई. ते म्हणाले, इमानाचं झालं की कर."

"मंग नको करू."

"आई, काढतात ते. तू उगीच मागं लागतं त्याईच्या. सहा महिन्यांनी तेबी येणार हायेत तिकडं, त्याईले काय माह्यी काळजी नाई?"

प्रयागबाई तिच्या तोंडाकडे पाहतच राहिली. परक्या मुलखाची भाषा शिकली ही पोट्टी, अन् घरातल्या नवऱ्याची भाषा हिला कळेना! एवढं शिकून अक्कल कुठं गहाण टाकली, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण पोर जायची होती, तिनं गिळलं.

मग तिनं ठरवलं. शूल म्हणता ना? बरं, तुमच्याच शास्त्रानं तुम्हाला बांधते. वाईट वारी निघणं भाग असलं, तर जुनी माणसं आदल्या चांगल्या दिवशी पस्ताना ठेवतात. जाणाऱ्याची एखादी वस्तू जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. मग माणूस त्याच दिवशी निघाला असं धरतात, अन् शूल लागत नाही. फक्त ती वस्तू परत घरात आणायची नाही. ज्याची त्यानंच तिथं जाऊन उचलायची अन् पुढं चालू लागायचं.

तिनं संस्कृतीच्या रुमालात सुपारी अन् हळकुंड बांधलं. विधवेनं असलं काही करू नये म्हणतात. म्हणोत बापडे, म्हणायला काय जातं! मग तिच्या मनात आलं, नुसत्या सुपारीला हा जावई कशाला भीक घालतो? म्हणून पोरीची ती काळी बॅगही घेतली, पासपोर्ट अन् सगळे कागद असलेली. रुमाल बॅगेत टाकला, वरून पदर घेतला, अन् ऊन कलायच्या आत ती गावाच्या मावळतीकडच्या टोकाला गेली. तिथं गुलाबसिंगचं घर होतं. तो मूर्तिजापूरपर्यंत जीप चालवायचा.

"कायचं हाये हे, काकू?"

"पस्ताना हाये बावा. माह्या पोरीबिगर कोनाच्या हातात देऊ नको. जवाई आला तरी नाई. अन् उद्या गाडीच्या वक्ताले जीप तयार ठेवजो."

गुलाबसिंगनं बॅग देवाच्या फोटोखाली ठेवली. काही विचारलं नाही. शहाणा माणूस, जावई व्हायच्या लायकीचा, असं प्रयागबाईच्या मनात येऊन गेलं.

शुक्रवारी दुपारची भाकरी झाली तरी नागपूरचं नाव निघेना. शेवटी विनोद मोबाईल खिशात घालत बैठकीत आला अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सीटच नाई. फुल्ल. अमरावतीचं इमानबी उद्या नाई."

तोंड पाडायचा त्यानं प्रयत्न केला, पण ते काही नीट जमलं नाही. ओठांच्या कोपऱ्यात समाधान लपत नव्हतं. साधं सोंगसुद्धा धड आणता येऊ नये माणसाला!

"रेल तर आज चालतच नाई," शेषराव म्हणाले.

"जाऊ दे माय," भागिरथाबाई सुनेच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "देवाच्या मनात नसन."

"फोन करून दे त्याईले, तब्येत बिघडली म्हना," विनोद म्हणाला. "जर्मनी काय पयून चालली का?"

झालं. तिघांनी मिळून पोरीची पाच वर्षांची मेहनत अशी झटकली, जशी ओसरीवरची धूळ. संस्कृती हातातला स्वेटर तसाच धरून खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा येईना. जावयाच्या पाठीत लाटणं घालावं, असं प्रयागबाईला झालं.

"पोरगी रेलनं जाईन," ती म्हणाली.

"अवं इनबाई, शूल..."

"शूल नाई, इवाईबुवा. मी काल पस्ताना ठेवला. मावयतीले, गुलाबसिंगच्या घरी."

शेषराव ताठ बसले. "सुपारी होती?"

"सुपारी, हयकुंड, अन् पोरीची बॅग."

"दिवस मावयाच्या आंदी?"

"चांगलं ऊन होतं."

म्हाताऱ्यानं बोटं मोजली. एकदा, पुन्हा एकदा. सगळे त्यांच्या बोटांकडे पाहत होते. "गुरुवारी मावयतीले काई आडवं येत नाई," ते सावकाश म्हणाले. "मंग शूल नाई. निंगाले पायजे आता. गाडी चुकन."

प्रयागबाईला त्या माणसाचा पहिल्यांदाच राग आला नाही. मूर्ख होता, पण खरा मूर्ख होता. पंचांग नाही म्हणालं तर नाही, हो म्हणालं तर हो. पोटात एक अन् ओठात एक, असं नव्हतं त्याचं.

"कोनती बॅग?" विनोद एकदम ओरडला. आत धावला, कपाट उघडल्याचा आवाज आला, अन् तसाच बाहेर आला. "पासपोर्ट हाये त्याच्यात! कोनाले इचारून नेली? थांबा, मी आनतो वापस."

"पस्ताना वापस आनत नसतात," शेषराव म्हणाले. "ज्याचा त्यानंच उचलावं लागते."

"खड्ड्यात गेला तुमचा पस्ताना, बाबा! मले पाठवाचीच नाई तिले!"

बोलून गेला अन् मग त्याला कळलं, की आपण बोललो. पण एकदा तोंड उघडलं ते उघडलंच. "तिकडं जाऊन ही कमावन अन् मी इथं खताच्या दुकानात बसू? गावात मले काय म्हनतीन? बायकोच्या जिवावर खाते म्हनतीन! मायचे गुडघे दुखते, घरचं कोन पाहीन?"

इतके दिवस त्याला तोंड होतं, अन् ते बापाच्या पंचांगामागं लपवून ठेवलं होतं. वारावर ढकललं, विमानावर ढकललं, सर्वरवर ढकललं. बायकोला सरळ जाऊ नको म्हणायची हिंमत नाही, अन् म्हणे पुरुष! थू!

संस्कृती उठली. तिनं स्वेटर नीट घडी घालून पिशवीत ठेवला. मग नवऱ्याजवळ गेली अन् हळू आवाजात विचारलं, "इमानाचं तिकीट पाह्यलं तरी होतं का तुमी?"

विनोद भिंतीकडे पाहू लागला.

"सांगा ना. एकदा तरी पाह्यलं होतं?"

"नाई," तो म्हणाला.

"अन् सहा महिन्यांनी तुमी येणार होते ते?"

"मी काय तिथं तुह्या मागं थैली धरून फिरू?"

तिनं मान हलवली, जसं दवाखान्यात एखाद्या पेशंटचं ऐकून घेताना हलवत असेल. देवापुढं गेली, हात जोडले. सासऱ्याच्या पाया पडली. शेषरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पोराची बाजू त्यांनी घेतली नाही. सासूच्या पाया पडली. भागिरथाबाईंना रडू फुटलं. पिशवी उचलून नवऱ्याच्या पुढून ती तशीच गेली अन् उंबऱ्याबाहेर जाऊन चपला घातल्या.

"जातो मी," ती म्हणाली.

घरातून निघताना असं कोणी म्हणत नाही. दुकानात जाणाराही येतो म्हणून जातो. भागिरथाबाई रडत होत्या, तरी सवयीनं बोलल्याच, "जातो नाई म्हनत माय. येतो म्हन."

संस्कृतीनं मागं वळून विनोदकडे पाहिलं. तो अजून भिंतीकडेच पाहत होता.

"जातो," ती पुन्हा म्हणाली.

भागिरथाबाईंनी प्रयागबाईकडे पाहिलं. निदान आईनं तरी पोरीला दुरुस्त करावं, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. पोरीला गाडीत बसवायचं, एवढंच प्रयागबाईनं मनात धरलं होतं. हे नव्हतं धरलं. पोरगी लहान असताना हाच शब्द तोंडून निघाला तर ती तिच्या गालावर चापट मारायची. तिनं तोंड उघडलं, अन् मिटलं. मग वाटेसाठी बांधलेलं भाकरीचं फडकं उचललं, जावयासाठी अंग न चोरता त्याच्या पुढून बाहेर पडली, अन् पोरीच्या मागं गुलाबसिंगच्या घराकडे चालू लागली.