मिलची लाइन

फिल्टर प्लांटमधले जुने पंप बदलायचे ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त खूश झाली ती पंचशीला. तिथे ती असिस्टंट इंजिनियर होती. पंप इतके झिजले होते की उन्हाळ्यात आज हा बंद, उद्या तो, आणि अर्ध्या इंदूरच्या शिव्या तिला खाव्या लागत. नव्या पंपांसाठी वरच्या ऑफिसात चकरा तिनेच मारल्या होत्या.

पंप आले, ठेकेदार आला, आणि मग कळलं की सगळ्यात छोट्या पंपाच्या जागी नवा बसणारच नाही. हा छोटा पंप कापड मिलला आणि मिलच्या चाळीला पाणी द्यायचा. मिलला टाळं लागलं, म्हणून नव्या योजनेतून ती लाइनच उडवली होती.

प्लांटचे मोठे साहेब शरदजी. जुन्या दरबारी घराण्यातले, बोलायला मऊ. चाळीतल्या लोकांनी पाणी कुठून भरायचं, असं तिने त्यांना विचारलं. मिलची जमीन आज ना उद्या विकली जाईल, लोक उठून जातील, वरून मंजुरीच अशी आलीय, असं त्यांनी समजावलं. सोमवारी छोटा पंप बंद करायचा होता.

रविवारी पंचशीला चाळीत गेली. तिथे कौसल्याबाई भेटल्या. मिलमध्ये सूत गुंडाळायच्या खात्यात त्यांची उमर गेली होती. नवरा आता छत्रीबागेत हातगाडी लावायचा. तुम्ही लोक इथून जाणार आहात का, असं पंचशीलाने विचारलं. कुठे जाणार, असं कौसल्याबाईंनीच उलट विचारलं. पाणी तुटणार हे चाळीत कुणाला माहीतही नव्हतं. तिने सगळं सांगून टाकलं.

सोमवारी शरदजी पंपहाउसमध्ये आले आणि पंप बंद करायला सांगितलं.

"मी नाही करणार, सर," पंचशीला म्हणाली.

त्यांनी ऑपरेटर तुकोजीकडे पाहिलं. तुकोजीने हात पाठीमागे बांधले आणि तो खाली बघत उभा राहिला. शेवटी शरदजींनी स्वतः बटण दाबलं. छोटा पंप घरघरत थांबला.

दुसऱ्या दिवशी क्रेन पहिला नवा पंप उतरवायला आली, तर त्याच्यासाठी बांधलेल्या चौथऱ्यावर चाळीतल्या बायका रिकाम्या बाल्ट्या घेऊन बसलेल्या. ठेकेदार ओरडून थकला. पोलीस बोलवावे लागतील, असं शरदजींनी बजावलं.

पुढे बसलेल्या कौसल्याबाई शांतपणे म्हणाल्या, "बोलवा ना साहेबजी. मिल बंद पडली, आम्ही नाही बंद पडलो."

शरदजींनी पंचशीलाला बाजूला घेतलं आणि बायकांना उठवायला सांगितलं. ती चौथऱ्यापर्यंत गेली. आपली इस्त्रीची साडी सावरली आणि कौसल्याबाईंच्या शेजारी बसली.

दुपारपर्यंत क्रेन उन्हात उभी राहिली. क्रेनवाल्याला दुसरीकडे जायचं होतं, त्याने निघून जायची धमकी दिली. तेव्हा कुठे शरदजींनी वर फोन लावला. छोटा पंप लगेच चालू झाला, आणि नव्या पंपाच्या लाइनमधून चाळीला पाइप जोडायचं कबूल झालं. बायकांना ते पुरेसं वाटलं नाही. पाइपांचा ट्रक फाटकातून आत येईपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.

जोडणी झाली. नवा पंप सुरू झाला तेव्हा पहिल्यांदाच चाळीच्या वरच्या मजल्यावरही पाणी चढलं.

पंचशीलाची बदली मात्र झाली, शहराबाहेरच्या स्टोअरमध्ये, जिथे मोजायला फक्त गंजके वॉल्व होते. शरदजींनी तिला केबिनमध्ये बोलावलं. चूक झाली एवढं लिहून द्या, मी बदली थांबवतो, असं ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"चूक झाली असती तर लिहून दिलं असतं, सर," ती म्हणाली, आणि स्टोअरच्या चाव्या कुणाकडून घ्यायच्या ते विचारून बाहेर पडली.