पुनम म्हणते

"हातभर काडी घातली नाकात मेल्यानं. मेंदू खरडून नेला की काय कुणाला म्हाईत. आता आधीच काही आठवत न्हाई, त्यात हे."

पडद्यापलीकडं सासूची कुरकुर चालली होती. शिवांगी चुलीपुढं बसून ऐकत होती आणि गालात हसत होती. धोंडाबाई काल घरातल्या सगळ्यांसोबत लोह्याला जाऊन कोरोनाची तपासणी करून आली होती, तेव्हापासून त्या काडीची लांबी वितीवरून हातभर झाली होती. ऐकणारी एकच, पुनम. धोंडाबाईची लेक, शिवांगीची नणंद. पुनमनं घशातून लांबलचक काहीतरी आवाज काढला.

"हसू नको गं," धोंडाबाई म्हणाली. "तुझ्या बी नाकात घातली तवा कशी वरडलीस?"

पुनम सव्वीस वर्षांची. जन्मली तेव्हा रडायला उशीर झाला आणि तेवढ्या वेळात हातपाय तिचं ऐकेनासे झाले. डोकं मात्र लख्ख होतं. म्हणजे तसं धोंडाबाई सांगायची आणि बाकीचे माना डोलवायचे. पुनमचं बोलणं एकट्या धोंडाबाईला कळायचं. बाकीच्यांना ते धोंडाबाईकडून मिळायचं. "पुनम म्हणते, पंखा लावा." "पुनम म्हणते, भागवतदादा लई वाळला." घरात सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

अकराच्या सुमारास फोन आला. धोंडाबाई पॉझिटिव्ह, बाकी तिघं निगेटिव्ह. गावच्या आशाताईनं बोटाला यंत्र लावून पाहिलं तर ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशी. घरी ठेवायचं नाही म्हणाली. दुपारी ॲम्ब्युलन्स दारात उभी राहिली. धोंडाबाई पिशवी घेऊन निघाली, उंबऱ्यात वळली आणि सुनेला म्हणाली, "पाणी चमच्यानं पाज. मान जरा म्होरं घे. निजवून पाजू नको, ठसका लागतो."  मग मास्क नाकावर ओढला आणि गाडीत जाऊन बसली.

संध्याकाळी किल्लारीहून व्यंकटमामांचा फोन आला. लातूरकडं एक संस्था होती, असल्या लेकरांना सांभाळणारी. आठ दिवसांनी पुनमची परत तपासणी करा, निगेटिव्ह आली तर जीप पाठवतो. "पंधरा दिवसांचा तर प्रश्न हाय, भागवत."

"हाव मामा, पंधराच दिवस," शिवांगीचा नवरा भागवत म्हणाला. मग त्यानं ते शिवांगीला सांगितलं, शेजाऱ्याला सांगितलं आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर आढ्याला पण सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात एक स्कूटी आली, मागं दोन जादा चाकं जोडलेली. स्कूटीवर धम्मप्रिया नावाची बाई, नांदेडच्या दिव्यांग संघटनेची. एक पाय पोलिओनं बारीक झालेला. आशाताईनं तिला कळवलं होतं. तिनं डायपरची थैली ओट्यावर ठेवली, स्वतः कडुनिंबाखाली लांब बसली आणि संस्थेचं ऐकून घेतलं.

"पुनमताईंना विचारलं?"

भागवत गडबडला. "तिला काय विचारणार मॅडम? तिचं मायलाच कळतंय."

"मग तुम्ही आठ दिवस काय करणार? मुक्यानं राहणार? हो असेल तर तिला डोळे वर करायला सांगा. नाही असेल तर मिटायला. आणि ती बोलायला लागली की थांबा. वाक्य तिचं आहे, तुम्ही पुरं करू नका."

शिवांगीला हे जमायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तिनं पुनमला वांग्याची भाजी कालवून भरवली आणि सहज विचारलं, "बरी झाली का गं?"

पुनमनं डोळे मिटले.

"मीठ जास्त पडलं?"

डोळे वर.

"आजच पडलं ना?"

मिटले.

शिवांगीच्या हातातला चमचा थांबला. "रोजच पडतंय?"

पुनमचे डोळे इतके वर गेले की नुसतं पांढरंच दिसायला लागलं.

लग्नाला आठ वर्षं झाली होती. आठ वर्षं सासू सांगत आली होती, 'पुनम म्हणते, वैनीच्या हाताला चव हाय.' राग यायला पाहिजे होता, पण शिवांगीला हसूच आवरेना. पुनमही हसली, ठसका लागला, मान पुढं घ्यावी लागली. बाहेरून भागवत धावत आला, "काय झालं, काय झालं?" शिवांगी म्हणाली, "काही न्हाई हो. खारट झालंय."

पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत तिला काही आवाज ओळखू यायला लागले. 'नको' नाकातून यायचं. 'माय' लांब, 'मी' आखूड. 'थांब' म्हणताना पुनमचा डावा खांदा आधी हलायचा. सगळं नाही कळायचं, पण जे कळायचं ते पुनमच्या तोंडचं असायचं. भागवतही बहिणीला खाटेवरून खुर्चीत उचलून ठेवायला शिकला. पहिल्या दिवशी त्यानं तिला ज्वारीच्या पोत्यासारखं उचललं होतं. पुनमनं जे काही ऐकवलं, ते शिवी होती एवढं त्यालाही समजलं.

इकडं धम्मप्रियाचं धोंडाबाईच्या कोविड सेंटरला फोन करणं चालू होतं. पेशंटजवळ मोबाईल ठेवायची परवानगी नव्हती. "अहो डॉक्टरसाहेब, तिच्या लेकीचं बोलणं दुसऱ्या कुणाला येत नाही. तुमच्याकडं पेशंट एक आहे, पण अडकल्यात दोघी. पाच मिनिटं द्या." पाचव्या फोनला डॉक्टर कंटाळले आणि हो म्हणाले.

आठव्या दिवशी पुनमची दुसरी तपासणी निगेटिव्ह आली. जीप सकाळी येणार होती. पण संस्थेचा फॉर्म आला, त्यात पुनमची स्वतःची संमती मागितली होती. भागवत म्हणाला, "माय सांगंल की तिच्या वतीनं." म्हणून संध्याकाळी पाच वाजता व्हिडिओ कॉल लावला. मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. दारात, अंगणाच्या बाजूला, धम्मप्रिया खुर्ची टाकून बसली.

पडद्यावर धोंडाबाई दिसली. नाकात नळी, गाल बसलेले. "पुने, माझे बाई..."

भागवतनं फॉर्मचं सांगितलं. पुनमनं ऐकलं आणि बोलायला लागली. पुष्कळ वेळ बोलली, मधेच खांदा हलवून, मधेच दम घेऊन. धोंडाबाई ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं नजर बाजूला केली.

"पुनम म्हणते," ती म्हणाली, "जाते म्हणते. मामानं बघितलंय तर चांगलंच असंल, म्हणते."

भागवतनं सुस्कारा सोडला आणि पेन शोधायला लागला.

"आत्या," शिवांगी म्हणाली. आठ वर्षांत तिनं सासूला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. "तसं न्हाई म्हणली ती."

"तुला काय कळतंय तिचं?"

"सगळं न्हाई कळत. पण जाते असं न्हाई म्हणली. माय म्हणली, आन् न्हाई म्हणली. दोनदा."

 मग धोंडाबाईचा आवाज आला, पार बारीक. "पोरी, तुझ्याच भल्याचं करून राहिले मी. तुला दोन लेकरं व्हतील, शेत हाय, घर हाय. तुझ्या गळ्यात कुठवर... पंधरा दिवस जाऊ दे तिला. सवय व्हईल."

"कशाची सवय?" शिवांगीनं विचारलं.

 भागवत पेनाचं टोपण काढत होता, लावत होता.

"पुनमताई," दारातून धम्मप्रिया म्हणाली, "तुम्ही परत सांगा. आम्ही थांबतो."

पुनमनं मान वर आणली. ती एका बाजूला गेली, तिनं परत आणली. ओठ जमवले, सुटले, परत जमवले. भागवतनं मदत करायला तोंड उघडलं, तेव्हा शिवांगीनं त्याचा हात दाबून धरला. तिकडं धोंडाबाईनं नळीसकट चेहरा मोबाईलच्या जवळ आणला.

"माय," पुनम म्हणाली. शब्द एकेक करून, घाम येईपर्यंत, पण भागवतला मधे कुणाची गरज लागली नाही. "माय... मेली... तरी... मी... हितंच... ऱ्हाणार."