नाव घातलेलं ताट

मंगळवार. सहा वेळा दोनशे मीटर. गुरनूर : ३१, ३१, ३२, ३१, ३२, ३१. लाल ठिपके : दोन.

नोंद करून नेत्राने पेन खिशाला लावलं. बाहेर चंदीगडचं जानेवारीतलं धुकं. आत विद्यापीठाच्या हॉलमध्ये अकरा मुली, त्यांची प्रशिक्षक नेत्रा आणि भिंतीवर एक तक्ता. जिची पाळी, तिच्या नावापुढे लाल ठिपका. सरावाचा भार त्यावरून ठरे. पहिल्या वर्षी मुली लाजायच्या. "बीमारी नहीं है, तारीख है," नेत्रा सांगायची. "इसमें बैठना नहीं है."

घरी आल्यावर ती बसली.

सोळा वर्षं बसत होती. नवऱ्याची, सुशांतची, बदली झाली की घर बदले, कोपरा तोच. इथे तो काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत होता : एक चटई, एक ताट, एक तांब्या. नोकरीवर जायला सासूबाईंची, रत्नप्रभाबाईंची, हरकत नव्हती. घरात मात्र चार दिवस कशाला शिवायचं नाही. सुरुवातीला नेत्रा रडायची. पुढे तेही राहून गेलं.

संध्याकाळी गुरनूर आली. इनडोअर स्पर्धेच्या फॉर्मवर सही राहिली होती.

"मॅम जी, यहाँ साइन..."

"बेटा, छूना मत उसको," रत्नप्रभाबाई आतून म्हणाल्या. "नीचे रख दो. वो उठा लेगी."

गुरनूरने चटई पाहिली. ताट पाहिलं. फॉर्म फरशीवर ठेवून बोटाने पुढे सरकवला. नेत्राने सही करून तो परत सरकवला. नेत्राची तेरा वर्षांची मुलगी जाई दारातून बघत होती.

बुधवार. निवड चाचणी उद्या. लाल ठिपके : तीन. गुरनूर :

पुढे लिहायला काही नव्हतं. गुरनूर बाकावर बसून होती, शूज पिशवीतच.

"उठ. वॉर्मअप."

"आज नहीं, मॅम जी. मेरी तारीख है."

"तो?"

"तो आप भी तो बैठते हो."



"कल ट्रायल है. नाम कट जाएगा."

"कट जाए."

नेत्राला राग यायला हवा होता. आला नाही. शिट्टी तोंडात धरून ती बाकीच्या दहा जणींच्या फेऱ्या मोजत राहिली. मधेच आकडा सुटला.

घरी बाल्कनीत दोन चटया होत्या. दुसरीवर जाई, शाळेचा स्वेटर कमरेला बांधलेला.

"शाळेतून आली अन् मलाच सांगितलं पोरीनं," रत्नप्रभाबाईंच्या आवाजात कौतुक मावत नव्हतं. "रडली नाही बिलकुल. मी लगेच बाजारात जाऊन ताट घेऊन आली. बघ, नाव पण घालून घेतलं. जाड आहे चांगलं, जन्मभर पुरते."

ताटाच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं : जाई.

"मम्मी, हर महीने ऐसे ही?" जाईने विचारलं. "कब तक?"

नेत्राने ते ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेली.

"अगं, काय करून राहिली तू? आज दुसराच दिवस न तुझा!"

नेत्राने कणीक घेतली. पाणी घातलं. हात मळत होते. ती आपल्याच हातांकडे बघत होती.

"सुशांत, बघ रे हिला!"

सुशांत दारात आला. "आई आहे तोवर तरी, नेत्रा... काय बिघडतं?"

"आईंना काय दोष देऊ? मी सोळा वर्षं बसले, म्हणून आज जाई बसली." तिने आवाज चढवलाही नाही. "जाई, आत ये. तवा ठेव."

जाई चौकटीशी थांबली. आजीकडे पाहिलं. मग आत आली.

नेत्राने पहिली पोळी नव्या ताटात वाढून ते टेबलावर, सगळ्यांच्या ताटांच्या ओळीत ठेवलं. रत्नप्रभाबाई जेवल्या नाहीत. सुशांत मान खाली घालून जेवला.

गुरुवार. निवड चाचणी.

अकरा नावांखाली तक्त्यावर बारावी ओळ आली होती : नेत्रा. पुढे लाल ठिपका.

गुरनूर त्या ओळीपुढे उभी होती.

"कल घर में रोटी किसने बनाई, मॅम जी?"

"मैंने."

"और दादी जी?"

"कल शाम से भूखी हैं."

"अब?"

"अब शाम को फिर बनाऊँगी."

गुरनूर बाकावर बसली. पिशवीतून शूज काढले आणि नाडी बांधायला घेतली.