इंजिन झोपतं तेव्हा मी जागतो

"आवाज करू नकोस हं. तुझ्याखाली माणूस झोपणार आहे."

मित्रांनो, मला आठवणारा पहिला आवाज हा. कारखान्यात शेवटच्या बाकावर बसणारी एक बाई पुढ्यात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला कान लावून ऐकायची, जसं आई तापलेल्या लेकराच्या छातीला लावते. माझ्या पंख्यात जराशी खरखर होती. तिनं एक स्क्रू सैल केला, दुसरा आवळला आणि आपल्याशीच गुणगुणली,

वाऱ्या रे दादा, हलक्या पायी ये,
निजल्या डोळ्यांना निजू दे, निजू दे.

मग माझ्या पाठीवर हिरवा ठिपका लावून तिनं मला खोक्यात घातलं. तिला मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

आता मी जुना झालो आहे. एका मोठ्या ट्रकच्या केबिनमधला एसी मी. माझं डोकं टपावर, वाऱ्याची जाळी आत केबिनच्या छताला, आणि पोट, म्हणजे बॅटरीची पेटी, ड्रायव्हरच्या बिछान्याखाली. ट्रक धावतो तेव्हा मी जेवतो, ट्रक थांबतो तेव्हा मी राबतो. उन्हाळ्यात गारवा देतो, काचेवर दव गोठायला लागलं की ऊब देतो. आणि हे सगळं इंजिन बंद असताना. माझी ओळख विचाराल तर एवढीच.

मला इथं बसवलं ड्रायव्हरच्या मुलीनं. ती गाड्यांच्या वायरिंगचं काम करते. बाप रात्रभर ट्रक चालवायचा आणि दिवसा गोदामाच्या आवारात, माल उतरवायचा नंबर येईपर्यंत, मागच्या बिछान्यावर झोपायचा. उन्हात केबिनची भट्टी होते, म्हणून इंजिन चालू ठेवून झोपायचं. अशी सव्वीस वर्षं गेली. धूर आत यायचा, केबिन थरथरायची, समोर ठेवलेला पाण्याचा पेला सरकत सरकत काठाशी यायचा.

"बाबा, तुम्ही झोपून येता की कुस्ती खेळून?" मुलगी विचारायची.

पुढे गोदामाच्या फाटकावर पाटी लागली, आवारात इंजिन बंद ठेवावे. त्याच आठवड्यात तिनं सुट्टीच्या दिवशी मला टपावर चढवलं. दिवसभर ती उन्हात उभी होती. नाकावर ग्रीसचा डाग, दातात वायरचा तुकडा. संध्याकाळी तिनं बापाला नीट समजावलं. "याची बॅटरी वेगळी आहे. इंजिनच्या बॅटरीला हा हात लावत नाही. फक्त याच्या जाळीसमोर काही ठेवू नका. त्याला श्वास घेऊ द्या."

"बरं बाईसाहेब," बाप म्हणाला. पण हे म्हणताना त्याचा हात माझ्या जाळीवरून असा फिरला की मी धन्य झालो.

पहिल्याच दुपारी मी जीव ओतून काम केलं. बाहेर डांबर मऊ झालं होतं, आत मात्र गारवा पसरला होता. आवाज म्हणाल तर पान हलल्याएवढा. मला वाटलं, आता हा गाढ झोपेल.

तो झोपला नाही. डोळे उघडे ठेवून छताकडे बघत राहिला. टपावर चिमणी नाचली, तर उठून बसला. लांब कुणी दार आपटलं, तर पुन्हा उठला.

मला कळायला बरेच दिवस लागले. सव्वीस वर्षं ज्याला इंजिनच्या घरघरीनं निजवलं, त्याला शांतता म्हणजे बिघाड वाटायचा. इंजिन गप्प झालं की ड्रायव्हर खडबडून जागा होतो, तसं त्याचं अंग आपोआप जागं राहायचं. बिचारा करणार काय?

मुलीचा रोज फोन यायचा. "झोप कशी लागते, बाबा?"

"ढाराढूर," तो सांगायचा. वर मोबाइल माझ्या जाळीशी धरायचा. "ऐक, तुझा एसी कसा चाललाय ते."

शेजारच्या ट्रकवर एक उंच ड्रायव्हर होता. झोपला की त्याचे पाय खिडकीतून बाहेर यायचे, म्हणून सगळे त्याला लांबू म्हणायचे. तो एकदा खाली उभा राहून म्हणाला, "काय उस्ताद, थंड हवेत राहता आणि डोळे टोमॅटोसारखे लाल?"

"झोप जास्त झाली," आमचा माणूस म्हणाला.

"आम्हाला पण द्या की थोडी उधार."

मित्रांनो, अशा चार-पाच बिनझोपेच्या दिवसांनंतर एका संध्याकाळी ते घडलं. रस्ता सरळ होता, ऊन उतरलं होतं, दोन्ही बाजूंना उंच गवत. त्याचे हात स्टिअरिंगवर होते, पण मान हळूहळू खाली आली. ट्रक रस्ता सोडून गवतात शिरला. खडी उडाली, डावा आरसा एका खांबाला लागून फुटला. त्या धक्क्यानं तो जागा झाला आणि त्यानं ब्रेक दाबला. कुणाला काही लागलं नाही. पुढे वीस पावलांवर एक म्हातारी आपली शेळी धरून उभी होती. तिनं आमच्याकडे पाहिलं, शेळीच्या पाठीवर हात ठेवला आणि निघून गेली. तो किती तरी वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिला.

घरी त्यानं सांगितलं, "कुत्रं आडवं आलं." लांबूलाही तेच.

"खरं सांगितलं तर पोरगी म्हणेल, माझ्या एसीमुळेच झालं. ती पुन्हा वायरला हात लावणार नाही." हे तो एकटा असताना पुटपुटला, म्हणून मला ठाऊक. यंत्राला कान असतात, तोंड नसतं. ते असतं, तर मी बोललो असतो.

मग त्यानं स्वतःच एक उपाय काढला. बिस्किटाच्या डब्याचं झाकण चेपून माझ्या जाळीत खोचलं. माझा वारा अडला, झाकण खडखडू लागलं, जुन्या इंजिनसारखं. आणि त्याला झोप लागली. खरोखर लागली. पण माझा श्वास कोंडला. आत बर्फ धरला, केबिन गार होईना, मी धापा टाकत राहिलो आणि तासाभरात बॅटरी संपून बंद पडलो. तो घामानं निथळत उठला. रोज असंच. रोज अर्धीच झोप.

"तुझ्या एसीत दम नाही गं," शेवटी तो मुलीला म्हणाला. गाडी तिच्याकडे न्यायच्या आधी त्यानं झाकण काढून गादीखाली सारलं होतं.

ते ऐकून तिचा चेहरा उतरला, तो मी पाहिला. तिनं माझी एकेक वायर तपासली. बॅटरी बदलली. ती काम करायची त्या गॅरेजचा मालक येता-जाता टोमणा मारायचा, "बापाच्या जिवावर शिकतेयस का गं?" ती मान खाली घालून पुढची वायर तपासायची. पण तिला माझ्यात दोष सापडेना, कारण तो माझ्यात नव्हताच.

मग ती म्हणाली, "पुढच्या खेपेला मी येते तुमच्याबरोबर. कुठं बिघडतो ते डोळ्यांनी बघते."

दुपारी आम्ही आवारात थांबलो. रांगेत आमचा नंबर नववा. तिथला रिवाज असा, की नंबर पुकारल्यावर ट्रक हलला नाही तर रांगेच्या शेपटाला जायचं. ती पुढच्या सीटवर बसली, तो मागे आडवा झाला. लेकीसमोर झाकण कसं लावणार? तो डोळे मिटून पडून राहिला.

"बाबा, झोपेचं सोंग घेताय," ती वळूनही न बघता म्हणाली. "आई म्हणते, तुम्ही खरे झोपलात की घोरता."

त्यानं कूस बदलली. ती पाण्याची बाटली घ्यायला मागे वाकली, गादी जरा सरकली आणि झाकण खणकन खाली पडलं. तिनं ते उचललं. त्यावरचे ओरखडे पाहिले, माझ्या जाळीवरचे पाहिले. दोन्ही जुळले. तिनं झाकण माझ्या जाळीशी धरलं, ते खडखडलं.

"आवाज लागतो होय तुम्हाला?"

"सवय आहे गं," तो हळूच म्हणाला.

"मग मला सांगायचं ना. पंखा तिसऱ्या नंबरवर टाकला की हा म्हशीसारखा घुरघुरतो. मीच एकवर ठेवला होता, तुम्हाला शांत झोप मिळावी म्हणून."

तिनं बटण फिरवलं. मी पोटातून घुरघुरलो. थोड्या वेळानं तो घोरू लागला.

नंबर पुकारला गेला तेव्हा तो गाढ झोपेत होता. ती हळूच दार लावून खाली उतरली आणि पहारेकऱ्याला म्हणाली, "मागच्याला सोडा. आम्ही शेवटी थांबतो."

"अख्खा दिवस जाईल, ताई."

"जाऊ दे. बाबा झोपलेत."

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. ते आत्ताच सांगतो, कारण शेवटचा शब्द माझा नाही. माझ्यासारख्यांची जाळी पुसत जा, वारा अडवू नका. आणि तुमच्या घरातलं कुणी रात्रभर राबून दिवसा झोपलं असेल, तर दार हळू लावा. झोप कशी लागली, हे फोनवर विचारून भागत नाही. कधी तरी जवळ जाऊन बसावं लागतं.

चार तासांनी तो उठला. बाहेरची सावली पाहून चपापला. "नंबर सोडलास?"

"सोडला."

"अगं, वेडी का तू?"

"झोप झाली ना?"

त्यानं चेहरा पुसला. पाणी प्यायला. पेला हातातच धरून तो फुटक्या आरशाच्या जागी बसवलेल्या नव्या आरशाकडे बघत राहिला. तिनं घाई केली नाही.

"त्या दिवशी गाडी गवतात गेली ना," तो म्हणाला, "कुत्रं-बित्रं काही नव्हतं गं. माझा डोळा लागला होता."