चार बोटांचा हात

मित्रांनो, मी एक जुना हात आहे. दचकू नका, प्लास्टरचा आहे. मनगटापासून बोटांपर्यंतच आहे आणि लाकडाच्या एका चौकोनी तुकड्यावर उभा आहे. आणि आधीच सांगून ठेवतो, मी कुणाचाही उजवा हात नाही. मी डावा आहे.

त्याचं कारण साधं आहे. मला घडवणाऱ्या कारागिराला साच्यासाठी कुणाचा हात मिळेना. बायको म्हणाली, मला कामं आहेत, तुमचं तुम्ही बघा. उजवा हात कामाला लागणार, म्हणून त्याने स्वतःचा डावा हात ओल्या प्लास्टरात घातला. घाईत तेल लावायचं राहिलं. प्लास्टर तापलं, घट्ट झालं आणि हातावरचे केस त्यात अडकून बसले. शेवटी बायकोनेच चमच्याने टोकरून त्याला सोडवलं, आणि चार शब्द सुनावले ते वेगळेच. माझ्या मनगटावर अजून त्या केसांच्या बारीक रेघा दिसतात.

एका शाळेने चित्रकलेच्या वर्गासाठी मला विकत घेतलं. खोक्यातून काढताना शिपाईमामांनी मला नेमकं करंगळीला धरलं. बोट दिलं तर लोक हात धरतात, असं ऐकलं होतं. इथे बोट धरलं आणि हात निसटला. करंगळी मामांकडे राहिली, मी टेबलावर आपटलो. मामांनी करंगळी खिशात टाकली आणि चित्रकलेच्या बाईंना सांगितलं, की हात असाच आला आहे. बाईंनी त्यांच्या खिशाकडे एकदा पाहिलं आणि असू दे म्हणाल्या.

बाई शाळेत नव्या होत्या आणि बोलायला कमी. त्यांनी मला सातवीच्या वर्गात स्टुलावर ठेवलं आणि समोर आहे तसा हात काढायला सांगितलं. छत्तीस मुलं खाली मान घालून कामाला लागली. अर्ध्या तासाने बाई वह्या बघत फिरल्या. छत्तीस वह्यांत छत्तीस हात, आणि प्रत्येकाला पाच बोटं. एका मुलीने आधी चार काढली होती. तिला वर्गात खोडरबर म्हणत, कारण ती काढायची कमी आणि खोडायची जास्त. तिने शेजारणीच्या वहीत डोकावलं आणि मुकाट्याने पाचवं बोट जोडलं.

बाईंनी विचारलं, या हाताला बोटं किती? पाच, असं वर्ग एका सुरात म्हणाला. वर कुणी पाहिलंसुद्धा नाही. मग बाईंनी एकेकाला माझ्यापाशी बोलावलं आणि बोट लावून मोजायला लावलं. मुलं ओशाळली. एक जण कुरकुरला, की बाई, तुम्ही आधी सांगायचं होतं.

"मी सांगायचं नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही बघायचं."

तेव्हापासून मला भाव आला. काचेचं कपाट मिळालं, आठवड्याला दोन तास काम मिळालं. माझं बरं चाललं होतं. पण त्या वर्षी सातवीच्या पहिल्या चाचणीचा विज्ञानाचा निकाल लागला, आणि तो चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता.

मुख्याध्यापिकांना शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी चित्रकलेच्या बाईंना बोलावून घेतलं. बाई वर्गातून थेट गेल्या, त्यामुळे मी त्यांच्या काखेतच होतो आणि सगळं ऐकलं. सहामाहीत विज्ञान सुधारलं नाही, तर चित्रकलेचे दोन तास विज्ञानाला जाणार. ते गेले की बाईंचं काम कमी भरणार, आणि त्यांना दुसऱ्या शाळेत पाठवणार. दुसरी शाळा दोन तासांच्या रस्त्यावर होती. बाईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. रोज मधल्या सुट्टीत बाई धावत घरी जाऊन त्यांना भरवून येत. दुसऱ्या शाळेतून ते कसं जमणार होतं?

बाई रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. सहामाहीपर्यंत चित्रकलेचे तास प्रयोगशाळेत घेऊ द्या, एवढंच त्यांनी मागितलं. प्रयोगशाळा विज्ञानाच्या सरांची. सर फार काटेकोर, म्हणून मुलं त्यांना फूटपट्टी म्हणत. चित्रं काढून विज्ञान येत असतं तर मी रंगारी झालो असतो, असं ते म्हणाले. जागा द्यायला त्यांची ना नव्हती, फक्त त्यांच्या वस्तूंना हात लावायचा नाही. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे का पाहिलं, ते मला कळलं नाही.

पहिल्या दिवशी बाईंनी माझ्याशेजारी मेणबत्ती पेटवली आणि ज्योत काढायला सांगितली. छत्तीस पिवळे थेंब तयार झाले. मग बाईंनी विचारलं, पिवळा रंग वातीला कुठे टेकतो ते दाखवा. मुलं पुढे वाकली. बघतात तर पिवळा वातीला टेकतच नव्हता. वातीभोवती अंधारलेली जागा होती, खाली निळी कडा होती, आणि वातीचं वाकलेलं टोक लाल होतं. कोपऱ्यात वह्या तपासणारे सर उठून आले. हेच मी दरवर्षी फळ्यावर लिहून देतो आणि दरवर्षी पोरं चुकतात, असं ते पुटपुटले. मुलं गेल्यावर त्यांनी मेणबत्तीकडे पाठ करून स्वतः ज्योत काढून पाहिली. पिवळा थेंबच निघाला. सरांनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. या शाळेत लाजेच्या सगळ्या वस्तू खिशातच जात.

पुढे माझी वणवण सुरू झाली. गणिताच्या बाईंनी माझ्या बोटांमधले कोन मोजायला मला नेलं. बेरजेत हातचा धरतात हे मला ठाऊक होतं, पण अख्खा हात गणिताच्या तासाला बहुधा पहिल्यांदाच गेला असेल. भाषेच्या गुरुजींनी मला नकाशाआड लपवलं. एका मुलाने माझं वर्णन करायचं आणि बाकीच्यांनी ते ऐकून चित्र काढायचं. अंगठा जरा वाकडा आहे, असं तो म्हणाला, तर वर्ग ओरडला, जरा म्हणजे किती? त्या एका तासात मुलांनी जितकी विशेषणं शोधली तितकी वर्षभरात शोधली नव्हती, असं गुरुजी शिक्षकांच्या खोलीत सांगत सुटले. खोडरबरची वहीसुद्धा हळूहळू स्वच्छ दिसू लागली.

सहामाहीला प्रात्यक्षिक घ्यायला बाहेरून एक साहेब आले. त्यांनी स्वतःच्या बागेतली पानं पिशवीतून आणली होती. प्रत्येकाला एक पान दिलं आणि चित्र काढून त्याच्या भागांना नावं द्यायला सांगितलं. पानांना कीड लागली होती. एकतीस मुलांनी भोकं काढली, कुरतडलेली कड काढली, तुटलेली शीरही काढली. पाच जणांनी पुस्तकातलं गुळगुळीत पान काढलं. साहेबांच्या नमुना उत्तरातलं पान अख्खं होतं. त्यांनी पाच जणांना पूर्ण गुण दिले आणि एकतीस जणांचे कापले. 'पान अपूर्ण' असा शेरा मारला. निकाल होता तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. जाताना शाळेची वस्तू परत करावी लागते. त्यांनी मला टेबलावर ठेवलं. साहेब तिथेच निकालावर सह्या करत बसले होते. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात विज्ञानाचे सर न विचारता आत आले. त्यांच्या एका हातात खोडरबरचा कागद होता, दुसऱ्या हातात तिचं पान. कचऱ्याच्या टोपलीतून त्यांनी सगळी पानं वेचली होती आणि एकेक चित्राशी लावून पाहिली होती.

"साहेब, या पानाला भोकं किती?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी मोजली. सात होती. चित्रातही सातच होती, आणि जागच्या जागी होती. साहेब बराच वेळ पान उलटसुलट करत राहिले. चित्र बरोबर आहे, असं त्यांनी कबूल केलं. पण गुण त्यांना नमुना उत्तरावरूनच द्यायचे होते. माणूस वाईट नव्हता, त्याचे हात बांधलेले होते.

मोठ्या बाईंनी सुस्कारा टाकला. मग माझाही इलाज नाही, दोन तास विज्ञानाला, असं त्या म्हणाल्या.

"लिहून द्या," सर म्हणाले.

बाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी वेळापत्रकात चित्रकला खोडली, तिथे विज्ञान लिहिलं, सरांचं नाव घातलं आणि सही केली. सरांनी ते नीट वाचलं.

"आता हे तास माझे," ते म्हणाले. "आणि माझ्या तासाला माझ्याबरोबर या बाई शिकवतील. पोरांना बघायला शिकवणं मला जमत नाही. यांना जमतं. माझ्या नावापुढे यांचं नाव लिहा."

मोठ्या बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब पानात डोकं घालून बसले होते. त्यांनी काही ऐकल्याचं दाखवलं नाही. मोठ्या बाईंनी पेन उचललं आणि सरांच्या नावापुढे बाईंचं नाव लिहिलं. बाईंचं काम पुन्हा पुरं भरलं. बाई खुर्चीत बसल्या आणि मग मात्र रडल्या. थोड्या वेळाने मधल्या सुट्टीची घंटा झाली, तशा डोळे पुसून सासूबाईंना भरवायला पळाल्या.

त्याला आता खूप वर्षं झाली. बाईंनी उरलेली सगळी नोकरी त्याच शाळेत केली. सर गेले, बाई निवृत्त झाल्या, आणि मी कपाटाच्या डोक्यावर गेलो. नवी मुलं कधी येतात, मोबाईलवर माझा फोटो काढतात आणि न बघताच निघून जातात. एकदा कुणीतरी मला ओल्या फडक्याने पुसलं, तेव्हा माझं अर्धं नख विरघळलं. म्हणून मला कोरड्या फडक्याने पुसत जा, मित्रांनो.

आणि तुमच्यातलं कुणी पुढे शिक्षक झालं, तर माझं एक ऐका. चित्रकलेचा तास कधी आहे, याची वाट बघत मला कपाटावर ठेवू नका. ज्या तासाला मुलांना काही बघायचं असेल, त्या तासाला मला खाली काढा. तो तास कुणाचा, ते मागाहून ठरवा.