बोल्टच्या भोकाजवळची चीर

ट्रिना पराटा वेल्डिंग शिकली नेव्हिल केर्न्सकडे, आणि पाच वर्षांपूर्वी त्याच्याच वर्कशॉपसमोर, रस्त्यापलीकडे तिने स्वतःचं शेड टाकलं. तेव्हापासून नेव्हिलला सकाळचा चहा काही गोड लागला नव्हता. इन्व्हरकार्गिल शहराच्या आसपासच्या शेतकऱ्यांचे नांगर आणि दुधाच्या टाक्या अजून त्याच्याकडेच यायच्या. पण ॲल्युमिनियमची नाजूक कामं, हौशी लोकांच्या जुन्या गाड्यांची, तिच्याकडे जायची. "काय हात आहे तिचा! जोड शोधूनही सापडत नाही," असं कोणी बोललं की तो म्हणायचा, "शिकवलं कोणी?" आणि मग दिवसभर हातोडा जरा जोरातच आपटायचा.

गुरुवारी दुपारी गुरांचा डॉक्टर फर्गस बेग आपली दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार ट्रेलरवर घालून घेऊन आला. मागचं चाक धरून ठेवणारा सस्पेन्शनचा ओतीव ॲल्युमिनियमचा भाग तडकला होता. नवा कुठेच मिळत नव्हता, म्हणून ट्रिनाने तो जोडला होता.

"फक्त बसवायचाय, नेव्ह. तिच्याकडे गाडी उचलायची सोय नाही ना. शनिवारी ब्लफच्या समुद्राकाठच्या टेकडीवर शर्यत आहे."

म्हणजे नट आवळायला आम्ही, नेव्हिलच्या मनात आलं. त्याने तो भाग उजेडात धरला. जोड इतका देखणा होता की त्याने तो दोनदा फिरवून पाहिला. त्याने चिरा शोधायचा लाल रंग काढला, फवारला, पुसला, वरून पांढरी पूड मारली. चूक सापडावी एवढीच इच्छा होती. जोडावर लाल ठिपकासुद्धा उमटला नाही.

मग जोडापासून वीतभर दूर, बोल्टच्या भोकाजवळ, केसाएवढी लाल रेघ हळूहळू वर आली.

त्या क्षणी झालेला आनंद त्याने पुढे कधीच कोणाला सांगितला नाही. गुपचूप बसवून टाकलं, तर चाक निखळल्यावर बोल ट्रिनाला लागणार होता. त्याने पूड पुसली, भाग जागेवर धरला आणि दोन बोल्ट हाताने फिरवलेसुद्धा.

फर्गस खोक्यावर बसून चीज रोल खात होता. "वरच्या वळणावर मी ब्रेकला पायच लावत नाही," तो म्हणाला. "ट्रिनाचं काम आहे म्हटल्यावर भीती कसली?"

पुन्हा ट्रिना! नेव्हिल आतून पेटला. पण ब्रेकचं ते बोलणं डोक्यातून जाईना. त्याने दोन्ही बोल्ट काढले.

"हे असंच लावलं ना, तर शनिवारी तू समुद्रात सापडशील," तो म्हणाला आणि त्याने फर्गसला चिरेचं सगळं सांगितलं.

तो भाग घेऊन रस्ता ओलांडताना त्याने चार टोमणे तयार ठेवले होते. ट्रिनाने रेघ पाहिली, मान हलवली.

"मी माझ्या जोडापुरतंच तपासलं. चुकलं माझं. फर्गसला सांगितलंत?"

"सांगितलं."

"बरं केलंत. आता आलाच आहात तर भट्टीतून काढताना धरा, बॉस."

टोमणे वाया गेले. तिने चीर घासून उघडली, तिच्या टोकाला बारीक भोक पाडलं, भाग भट्टीत गरम केला आणि जोडायला घेतला. धातूत मुरलेलं जुनं तेल काळं होऊन उकळू लागलं. ती थांबली, खरवडलं, पुन्हा सुरू केलं. तीनदा. नेव्हिलने पहिल्याच वेळी शिवी हासडली असती.

त्याची नजर तिच्या मनगटाच्या बारीक झोक्यावर खिळली होती. हे त्याने शिकवलेलं नव्हतं.

"हे कुठून उचललंस?"

"काय माहीत. हात आपोआप जातो."

ते त्याला सगळ्यात जास्त लागलं.

शनिवारी फर्गस तिसरा आला. बक्षीस घेताना त्याने माईकवर आधी ट्रिनाचं नाव घेतलं, मग "चीर पकडणारा आमचा नेव्ह" म्हणाला. टाळ्या दोघांनाही मिळाल्या. तिच्या जरा जास्त वेळ चालल्या. नेव्हिलने नीट ऐकलं होतं.

सोमवारी त्याने भंगारातून ॲल्युमिनियमचे तुकडे आणले, समोरून दिसू नये म्हणून शटर खाली ओढलं आणि वेल्डिंगचा टॉर्च पेटवला. पहिल्या तुकड्याला भोक पडलं. दुसऱ्यालाही. त्याने मुखवट्याची काच वर केली, घाम पुसला आणि तिसरा घेतला.