चापटीने सुधारलेला लॅपटॉप

मी कापडे गावच्या येसाजींच्या घरी राहिलेला एक जुना लॅपटॉप आहे. मित्रांनो, माझ्या काचेवरची ही आडवी भेग पाहून हसू नका. ती मार खाऊन पडली आहे.

मुंबईच्या एका कचेरीने मला मोडीत काढले, तेव्हा येसाजींच्या सुनेने, सेजलने, मला घरी आणले. पुसले, माझ्यात लिनक्स ही मोफत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम घातली आणि मी टुणटुणीत झालो. पण या घराची एक रीत होती. टीव्हीत मुंग्या आल्या, की येसाजी त्याला थोबाडीत ठेवून देत. पंखा अडला, की काठी! त्यांचा मुलगा भरत हेच बघत वाढला.

महाडच्या एका वकीलबाईंनी सेजलला घरबसल्या टायपिंगचे काम कबूल केले होते. पहिले कागद सोमवारी अकराच्या आत पाठवायचे, नाहीतर काम दुसरीला. सेजलला स्वतःच्या पायावर उभे राहायचे होते हो! आणि नेमका त्याच सकाळी मी दगा दिला. आदल्या दिवशीच्या अपडेटमध्ये माझा कर्नेल, म्हणजे माझा सारा कारभार पाहणारा गाभा, नवा झाला होता. वायफायला कामाला लावणारा जुना ड्रायव्हर त्याच्याशी जुळेना. वायफाय गायब.

"साला डबा हाय हा!" सेजलचा नवरा भरत ओरडला. "दोन ठेवून दिल्या का होतो चालू."

"अहो, मारू नका! ड्रायव्हरचं हाय ते, मी बघते."

फाडकन एक बसली. मग दुसरी. तिसऱ्यांदा त्याने मला भिंतीवरच आपटले. काच तडकली. अरे, मी काय ढोल आहे?

सेजलने मला उचलले, पुन्हा चालू केले आणि सुरुवातीला दिसणाऱ्या यादीतून माझ्यात अजून शिल्लक असलेला जुना कर्नेल निवडला. वायफाय आले. अकराला पाच मिनिटे असताना कागद गेले.

"बघ," भरत छाती काढून म्हणाला, "माझ्या हातानं सुधारला."

"नाय हो. जुन्या कर्नेलवर चालू केला मी."

"उलट बोलतेस?" तोच हात तिच्या गालावर पडला. ती उंबऱ्यावर आपटली, ओठ फुटला. दारात उभे असलेले येसाजी नुसते बघत राहिले. "आता ही पण सुधारंल," भरत म्हणाला.

मला असा संताप आला म्हणता! पण लॅपटॉपला हात कुठे असतात?

सेजल उठली. पदराने रक्त पुसले आणि माझ्यासमोर बसून टायपू लागली.

"आता काय टायपतेस गो?" भरतने विचारले.

"तुमचं नाव. पोलिसांत द्यायचा अर्ज हाय. हा बघा, गेला वकीलबाईंना."

भरतचा हात पुन्हा वर गेला. या वेळी येसाजींनी तो मनगटात धरला.

"बस कर रे," ते म्हणाले. "मीच शिकवलं तुला ह्ये."

अर्ज पोलिसांत देऊन सेजलने ते घर सोडले. आता मी तिच्याबरोबर महाडला तिच्या खोलीवर असतो. नव्या कर्नेलला जुळणारा ड्रायव्हरही तिने शोधून बसवला. दोन दिवस लागले तिला.

मित्रांनो, बिघाड शांतपणे शोधावा लागतो. माझी काच उद्या बदलता येईल. पण कुणाच्या गालावर बोटे उठलेली दिसली, तर येसाजींसारखे नुसते बघत राहू नका. त्यांनी तो हात पहिल्याच वेळी धरायला हवा होता.